‘आउट’ लावून शब्द कसे घडवावेत: स्क्रॅबल खेळणाऱ्यांसाठी

रॅकवर, म्हणजे आपल्या सात अक्षरांच्या टाइल्स मांडायच्या पट्टीवर, ओ, यू आणि टी ही तीन अक्षरे एकत्र आली, की ती उचलून डाव्या टोकाला लावावीत आणि उरलेल्या चार अक्षरांतून एखादे क्रियापद जुळते का ते पाहावे. जुळले, तर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही क्रिया करण्यात एक माणूस दुसऱ्यावर मात करू शकतो का? उत्तर होकारार्थी असेल, तर बहुतेक वेळा सात अक्षरांचा शब्द हाती लागलेला असतो आणि सातही टाइल्स एकदम लावल्याचे ५० वाढीव गुणही त्याबरोबर मिळतात. इंग्रजी शब्दखेळात उपयोगी पडणारे उपसर्ग पुष्कळ आहेत. परंतु लांबलचक यादी न घोकता बव्हंशी अर्थाच्या जोरावर चालवता येईल असा उपसर्ग माझ्या मते हा एकच, म्हणून येथे मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

लेखनाविषयी एक खुलासा आधीच करतो. इंग्रजी शब्द येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. जेथे उच्चारावरून स्पेलिंगचा घोटाळा होण्याची शक्यता आहे, तेथे अक्षरे नावानिशी सुटी करून सांगितली आहेत.

‘आउट’ म्हणजे बाहेर, हे आपण पहिल्यांदा शिकतो आणि तेथेच अडकतो. क्रियापदाच्या आधी लागलेल्या ‘आउट’चा अर्थ बहुधा ‘बाहेर’ असा नसतोच. तो ‘वरचढ होणे’ असा असतो. मराठीत याच्या अगदी जवळ जाणारा वाक्प्रचार म्हणजे ‘पुरून उरणे’. धावण्यात जो पुरून उरला त्याने ‘आउटरन’ केले, कमाईत उरला त्याने ‘आउटअर्न’ केले, झोपण्यात उरला त्याने ‘आउटस्लीप’ केले. संस्कृत व्याकरण शिकताना ‘प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्’ हा चरण ज्यांनी पाठ केला असेल, त्यांना यात नवल वाटणार नाही. उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे ओढून नेतो, असे तो श्लोक सांगतो, आणि ‘आउट’ नेमके तेच करतो. फरक इतकाच, की ‘हृ’ धातू दर उपसर्गामागे निराळ्या दिशेला जातो, तर ‘आउट’ मात्र ज्या क्रियापदाला लागेल त्याला एकाच आखाड्यात नेऊन उभे करतो.

हा आखाडा केवढा मोठा आहे, याची कल्पना खेळात ग्राह्य धरलेल्या शब्दांच्या यादीतले शब्द पाहिल्याशिवाय येत नाही. हसण्यात मात करण्यासाठी ‘आउटलाफ’ आहे, घोरण्यात मात करण्यासाठी ‘आउटस्नोअर’ आहे, प्रार्थनेत पुढे जाण्यासाठी ‘आउटप्रे’ आहे. उपासात दुसऱ्याला मागे टाकण्यासाठी ‘आउटफास्ट’ आहे आणि उपास सोडल्यावर मेजवानीत मागे टाकण्यासाठी ‘आउटफीस्ट’ही आहे, आषाढी एकादशी आणि तिच्या दुसऱ्या दिवशीची द्वादशी यांची सोय इंग्रजीने परस्पर करून ठेवली आहे, असे म्हणायला हरकत नाही. माझा सर्वांत आवडता शब्द ‘आउटसल्क’, म्हणजे रुसून बसण्यात समोरच्यावर ताण करणे. यात ओ, यू, टी, एस, यू, एल, के अशी सात अक्षरे आहेत आणि त्यांपैकी दोन यू आहेत. दोन यू रॅकवर आल्यावर बहुतेक खेळाडू सुस्कारा टाकून टाइल्स बदलतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या शब्दाची किंमत कळते.

पूर्वी मलाही यावर विश्वास बसत नसे. घरच्या डावात मावशीने पटावरच्या ‘ईट’ या शब्दाआधी तीन टाइल्स ठेवून ‘आउटईट’ केले, तेव्हा असा शब्दच नाही म्हणून मी हसत हसत चॅलेंज केले. शब्द यादीत निघाला आणि घरच्या नियमाप्रमाणे माझी पाळी गेली. ‘लग्नाच्या पंगतीत तुझ्या काकांना पाहिलं नाहीस का कधी?’ एवढेच ती म्हणाली. खाण्यात पैज लागते, म्हणून शब्द असणार, हा तिचा तर्क होता, आणि तो मला पुढे कोणत्याही यादीपेक्षा जास्त उपयोगी पडला.

तर्काला मर्यादा अर्थातच आहेत. ज्या क्रियापदात करण्यासारखे काही नसते, केवळ स्थिती असते, तेथे चुरस संभवत नाही. म्हणून मालकी दाखवणारे ‘ओन’ किंवा भासणे या अर्थाचे ‘सीम’ यांना ‘आउट’ लागत नाही. उलट बसणे, वाट पाहणे, टिकणे या वरवर निष्क्रिय दिसणाऱ्या गोष्टींत चिकाटीची स्पर्धा असते, त्यामुळे ‘आउटसिट’, ‘आउटवेट’ आणि ‘आउटलास्ट’ हे तिन्ही शब्द आहेत.

‘री’ या उपसर्गाशी तुलना केली, तर हे अधिक स्पष्ट होते. पुन्हा करणे हा अर्थ देणारा ‘री’ मुख्यतः सकर्मक क्रियापदांवर बसतो, कारण एखाद्या वस्तूवर केलेली क्रिया फिसकटली किंवा जुनी झाली तरच ती पुन्हा करण्याची वेळ येते: ‘रीहीट’, ‘रीटाय’, ‘रीपेंट’, ‘रीवायर’. पुन्हा झोपण्यासाठी किंवा पुन्हा हसण्यासाठी असा शब्द यादीत सापडत नाही. ‘आउट’ची गोष्ट नेमकी उलटी आहे. झोपणे आणि हसणे ही अकर्मक क्रियापदे त्याला विशेष मानवतात, कारण तो लागताच ती सकर्मक होतात. आपण ज्याला हरवले तो माणूस त्या क्रियेचे कर्म होऊन बसतो. तेव्हा हातात क्रियापद आहे आणि उपसर्ग कोणता लावावा हे ठरत नाही, अशा वेळी ही क्रिया वस्तूवर होते की नुसती आपल्या अंगाने होते, एवढे पाहिले तरी चुकीचे निम्मे शब्द गळून पडतात.

क्रियापद म्हटले की त्याची रूपे आली, आणि येथे या उपसर्गाचे खरे पीक आहे. ‘आउट’ लागल्यामुळे मूळ क्रियापदाची भूतकाळाची चाल बदलत नाही. ‘रन’चे ‘रॅन’ होते, म्हणून ‘आउटरॅन’. ‘ईट’चे ‘एट’ आणि ‘ईटन’, म्हणून ‘आउटएट’ आणि ‘आउटईटन’. ‘स्विम’चे ‘आउटस्वॅम’ आणि ‘आउटस्वम’. ‘ग्रो’चे ‘आउटग्रू’ आणि ‘आउटग्रोन’. ‘आउटगो’चा भूतकाळ ‘आउटवेंट’ होतो, हे वाचून विचित्र वाटेल, परंतु तो शब्द ग्राह्य आहे. रडण्यात मात करणाऱ्या ‘आउटवीप’पासून झालेला ‘आउटवेप्ट’ हा तर सात अक्षरी आहे: ओ, यू, टी, डब्ल्यू, ई, पी, टी. रॅकवर डब्ल्यू, पी आणि दोन टी असताना हा शब्द ज्याला दिसतो, तो खेळाडू रूपे मुखोद्गत असलेला असतो. काही क्रियापदांना दोन भूतकाळ असतात, उदाहरणार्थ ‘आउटशाइन’चे ‘आउटशोन’ आणि ‘आउटशाइन्ड’ दोन्ही चालतात. अशा जोड्या वहीत वेगळ्या लिहून ठेवाव्यात.

सगळेच ‘आउट’ मात करणारे नसतात, हेही सांगितले पाहिजे. ‘आउटपोस्ट’, ‘आउटहाउस’, ‘आउटबॅक’ यांत बाहेरची जागा आहे. ‘आउटकम’, ‘आउटफ्लो’, ‘आउटब्रेक’ यांत बाहेर येणे आहे. क्रिकेटमुळे आपल्या कानांवर रोज पडणारा ‘आउटफील्ड’ही याच कुळातला. अशा शब्दांना अनेकवचनाचा एस लावायचा आणि पुढे जायचे. त्यांना ईडी किंवा आयएनजी लावण्याचा मोह यादीत पाहिल्याखेरीज टाळावा. ‘आउटरेज’ मात्र फसवा आहे. तो ‘आउट’ आणि ‘रेज’ मिळून झालेला दिसतो, पण प्रत्यक्षात जुन्या फ्रेंचमधून आलेला आहे आणि त्याच्या मुळाशी ‘पलीकडे’ या अर्थाचा लॅटिन ‘अल्ट्रा’ आहे. रागाशी त्याचा संबंध लोकांनी नंतर जोडला. ‘उत्रे’ असा काहीसा उच्चार असलेला ओ, यू, टी, आर, ई हा पाच अक्षरी शब्दही त्याच घराण्यातला, विशेषण असल्यामुळे एस न घेणारा. आणि ‘आउटस्पॅन’ हा दक्षिण आफ्रिकेतून आलेला शब्द तर गाडीचे बैल सोडण्यासाठी वापरतात. जू उतरवण्यासाठी इंग्रजीत स्वतंत्र शब्द असल्याचे मला पटाने शिकवले. जुंपण्यासाठी त्याचा जोडीदार ‘इनस्पॅन’ आहे.

आता पटाकडे वळू. शब्द माहीत असणे आणि तो योग्य घरात पडणे यांत किती अंतर असते, हे एका उदाहरणावरून तपशीलवार पाहण्यासारखे आहे.

पटावर १५ ओळी आणि १५ स्तंभ असतात. पहिला शब्द मधल्या, म्हणजे आठव्या ओळीच्या आठव्या घरावरून जावा लागतो आणि त्याचे गुण दुप्पट होतात. त्याच ओळीत चौथे आणि बारावे घर अक्षराचे गुण दुप्पट करते, तर पहिले आणि पंधरावे घर संपूर्ण शब्दाचे गुण तिप्पट करते. समजा, डाव आपण सुरू करत आहोत आणि आपल्याजवळ ‘स्मार्ट’ आहे: एस, एम, ए, आर, टी. एम ३ गुणांचा आणि बाकीची अक्षरे एकेका गुणाची, म्हणजे बेरीज ७. शब्द चौथ्या घरापासून आठव्या घरापर्यंत ठेवला, तर एस दुप्पट घरावर पडतो, बेरीज ८ होते आणि दुपटीने १६ गुण मिळतात. नवखा खेळाडू येथे थांबतो. परंतु त्याच्या डावीकडे आता बरोबर तीन घरे मोकळी आहेत आणि त्यांतले पहिले घर तिप्पट गुणांचे आहे. प्रतिस्पर्ध्याकडे ओ, यू, टी असतील, तर तो ‘आउटस्मार्ट’ करील. त्याने लावलेल्या तीन टाइल्सची किंमत अवघी ३, आपल्या शब्दाची ७, बेरीज १०, तिपटीने ३०. आपल्याच शब्दावर चढून तो आपल्याहून जवळजवळ दुप्पट गुण नेतो, आणि तेही या शब्दाचा अर्थ ‘हुशारीत मात करणे’ असा असताना. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

मग शब्द आठव्या घरापासून बाराव्यापर्यंत ठेवावा का? गुण तेच, १६, कारण शेवटचा टी दुप्पट घरावर पडतो. पण आता उजवीकडे तीन घरे उरतात आणि तेथे आय, एन, जी बसून ‘स्मार्टिंग’ होते, म्हणजे ११ चे तिप्पट ३३. सातव्या घरापासून अकराव्यापर्यंत ठेवले, तर ‘आउट’ आणि ‘आयएनजी’ दोन्ही निष्प्रभ होतात. परंतु उजवीकडे चार घरे राहतात आणि ‘नेस’ लावून होणारे ‘स्मार्टनेस’ त्या चारांत नेमके मावते. सहाव्या घरापासून दहाव्यापर्यंत ठेवलेला शब्द मात्र या तिन्ही आक्रमणांपासून सुरक्षित असतो. त्याचे गुण १४ होतात, म्हणजे आपण २ गुण सोडतो. आणि प्रतिस्पर्ध्याचे तीसेक गुण अडवतो. मी स्वतः हे २ गुण आनंदाने सोडतो. सुरुवातीचा पाच अक्षरी शब्द क्रियापद असेल, तर तो ठेवण्यापूर्वी मनात त्याच्या आधी ‘आउट’ आणि नंतर ‘आयएनजी’ म्हणून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

हीच गोष्ट आपल्या बाजूनेही वापरता येते. प्रतिस्पर्ध्याने चौथ्या घरापासून ‘थिंक’ ठेवले असेल, तर ‘आउटथिंक’चे १५ तिप्पट ४५ होतात, कारण त्यातील एच ४ गुणांचा आणि के ५ गुणांचा आहे, ‘ड्रिंक’ असेल, तर ‘आउटड्रिंक’चे १३ तिप्पट ३९. एकेका गुणाच्या तीन टाइल्स लावून एवढे गुण मिळवण्याची संधी पटावर वारंवार येत नाही. ती कडेच्या स्तंभांतही येऊ शकते. शब्द उभा असला, तरी त्याच्या वरच्या तीन घरांकडे नजर टाकायला विसरू नये.

ओ, व्ही, ई, आर या चार अक्षरांचा ‘ओव्हर’ अशाच तऱ्हेने वापरता येतो. पाचव्या ते आठव्या घरात ‘टेक’ असेल, तर ‘ओव्हरटेक’ करताना आर चौथ्या, दुप्पट घरावर पडतो. नव्या टाइल्सचे ८ आणि ‘टेक’चे ८ मिळून १६, तिपटीने ४८. व्ही या अक्षराला सामावून घेणारा दोन अक्षरी शब्द स्पर्धेच्या याद्यांत नाही, त्यामुळे तो रॅकवर रुतून बसतो. ‘ओव्हर’ हा त्याला बाहेर काढण्याचा सन्माननीय मार्ग आहे. मात्र ‘ओव्हर’चा अर्थ ‘प्रमाणाबाहेर’ आणि ‘वरून’ असा दुहेरी असल्यामुळे तर्काने शब्द ओळखणे ‘आउट’इतके सोपे जात नाही. ‘अन’ तर त्याहून बेभरवशाचा: ‘अनटाय’ क्रियापद आहे, म्हणून त्याला एस लागतो, ‘अनरिअल’ विशेषण आहे, म्हणून लागत नाही. हा भेद न पाहिल्याने चॅलेंजमध्ये गेलेले शब्द मी बरेच पाहिले आहेत.

आपल्या कानांची एक अडचण येथे नोंदवायला हवी. उपसर्गाचे शेवटचे आणि मूळ शब्दाचे पहिले अक्षर एकच असेल, तर स्पेलिंगमध्ये ती दोन्ही टिकतात, पण उच्चारात आपल्याला एकच ऐकू येते. ‘आउटथिंक’ आणि ‘आउटटॉक’मध्ये दोन टी आहेत, ‘ओव्हररन’मध्ये दोन आर, ‘अननर्व्ह’मध्ये दोन एन, आणि चुकीचे स्पेलिंग करणे या अर्थाच्या ‘मिसस्पेल’मध्ये दोन एस, या शेवटच्या शब्दाचेच स्पेलिंग अनेकदा चुकते, ही गंमत निराळी. शब्द ठेवण्याआधी उपसर्ग आणि मूळ शब्द सुटे म्हणावेत, म्हणजे अक्षर गळत नाही.

‘आउट’चे लहान शब्द ठेवताना त्यांच्या डाव्या अंगालाही जपावे लागते. ‘आउटर’च्या आधी आर, पी किंवा टी लागून ‘राउटर’, ‘पाउटर’, ‘टाउटर’ होतात. ‘आउटेड’ आणि ‘आउटिंग’ यांचीही हीच गत आहे. याउलट ‘आउटरन’ किंवा ‘आउटफॉक्स’ यांच्या आधी एकही अक्षर जुळत नाही, त्यामुळे कडेला ठेवायला ते निर्धोक. उजव्या अंगाला बहुधा एसच येतो, पण ‘आउटकास्ट’ हा अपवाद ध्यानात ठेवावा: त्याला ई लागून ‘आउटकास्ट’ असाच उच्चार असलेला, जातिबहिष्कृत या अर्थाचा दुसरा शब्द होतो. इंग्रजीने हा शब्द आपल्याकडच्या जातिव्यवस्थेविषयी लिहिताना वापरला. संचात एस चारच असतात आणि ई बारा. तेव्हा या जागी ई वापरून एस वाचवणे केव्हाही चांगले.

संचातील १०० टाइल्सचा हिशेब शेवटी उपयोगी पडतो. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुरचनाकाराने १९३० च्या दशकात हा खेळ रचताना वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून प्रत्येक अक्षराच्या टाइल्स किती असाव्यात हे ठरवले. त्याप्रमाणे ओ आठ, टी सहा आणि यू चार आहेत. म्हणजे ‘आउट’ला खरी अडचण यूची. पटावर तीन यू पडलेले दिसले आणि चौथा आपल्याजवळ असला, तर कोऱ्या, म्हणजे कोणत्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या, टाइलची शक्यता सोडता प्रतिस्पर्धी आपल्या शब्दाला ‘आउट’ लावू शकत नाही. अशा वेळी चौथ्या घरापासून सुरू होणारा शब्द बिनधास्त ठेवावा. आपल्याकडे ओ, यू, टी असून जोडीला क्रियापद जुळत नसेल, तर ती तीन अक्षरे एक-दोन पाळ्या राखून ठेवायला हरकत नाही. परंतु तिसऱ्या पाळीलाही हाती काही लागले नाही, तर मोह सोडून त्यांतली एकदोन खर्च करावीत.

सराव करताना कोणती यादी प्रमाण मानायची, हे आधी ठरवावे. उत्तर अमेरिकेत वेगळी यादी चालते. भारतासह इतरत्र इंग्रजी स्क्रॅबलच्या स्पर्धा बहुतांशी कॉलिन्सच्या यादीवर खेळल्या जातात आणि तीत सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत. अमेरिकेतल्या नातेवाइकांबरोबर मोबाइलवर खेळताना दोन्ही बाजूंची यादी एकच आहे ना, हे डाव लावतानाच पाहून घ्यावे. वही करायची झाल्यास ‘आउट’चे शब्द वर्णानुक्रमे लिहू नयेत. एका पानावर चार अक्षरी क्रियापदांपासून झालेले, म्हणजे सात टाइल्सचे शब्द लिहावेत. दुसऱ्यावर पाच अक्षरींपासून झालेले, जे पटावरचे एक अक्षर घेऊन किंवा पटावरच्या शब्दाआधी लागून होतात. आणि तिसऱ्यावर फक्त वेडीवाकडी भूतकाळाची रूपे. रोज रात्री पहिल्या पानावरचे पाच शब्द घेऊन त्यांतली ‘आउट’ सोडून उरलेली चार अक्षरे उलटसुलट मांडावीत आणि क्रियापद डोळ्यांना किती वेळात दिसते ते पाहावे.